हरकती-सूचना पाठवून खरंच काही होतं का?

प्रश्न असा आला आहे: ‘एका सरकारी यंत्रणेनं नवीन नियमांचा मसुदा जाहीर करून हरकती व सूचना मागवल्यात. मुदत एकवीस दिवसांची, त्यातले सहा गेले. आमची पन्नास-साठ जणांची संघटना आहे. पाठवून काही होतं का, की सगळं आधीच ठरलेलं असतं? आणि सरकार म्हणतं, संबंधितांशी विचारविनिमय करून नियम केले. हा विचारविनिमय नेमका कुठे आणि कोणाशी होतो?’

होतं. मात्र सगळीकडे सारखं होत नाही. वीस-बावीस वर्षं मी वीज ग्राहकांच्या बाजूनं विद्युत नियामक आयोगासमोर बसतो आहे, अधूनमधून इतर खात्यांच्या मसुद्यांवरही लिहिलं आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. हरकती मागवल्या की नाही एवढ्यावर थांबू नका. आलेल्या हरकतींना कारणांसह उत्तर देणं त्या यंत्रणेला भाग आहे का, ते पाहा. जिथे उत्तर द्यावं लागतं तिथे नियमांचे शब्द बदलताना मी पाहिले आहेत. जिथे ‘हरकती विचारात घेतल्या’ हे एक वाक्य लिहून मोकळं होता येतं, तिथे फार मेहनतीनं लिहिलेली निवेदनंही फाइलीत पडून राहिलेली पाहिली आहेत.

ते वाक्य येतं कुठून? १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कलम २३. एखाद्या कायद्यात नियम ‘पूर्वप्रसिद्धीनंतर’ करावेत असं म्हटलं असेल, तर आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, अमुक तारखेनंतर तो विचारात घेऊ असं सांगायचं, तोवर आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्यायच्या आणि मग अंतिम नियम राजपत्रात छापायचे. त्याच कलमात पुढे असंही आहे की अंतिम नियम राजपत्रात आले की ते रीतसर झाले याचा तो निर्णायक पुरावा. म्हणजे विचार करायचा, पण काय विचार केला ते सांगायचं बंधन त्या कलमात नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही चौकट आजही बहुतेक खात्यांना पुरते.

म्हणून तुमचं पहिलं काम हे: मसुद्याच्या सुरुवातीला कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली नियम करत आहोत ते लिहिलेलं असतं. तो मूळ कायदा उघडा. नियम करण्याचा अधिकार देणारं कलम बहुधा शेवटाकडे असतं. त्यात ‘पूर्वप्रसिद्धी’ हा शब्द आहे का? की त्याहून जड शब्द आहे, ‘बाधित होणाऱ्या व्यक्तींशी विचारविनिमय करून’ असा? या दोहोंत फरक आहे आणि पुढे वाद झाला तर तो तुमच्या कामाला येतो.

केंद्र सरकारनं ५ फेब्रुवारी २०१४ ला कायदापूर्व विचारविनिमयाचं एक धोरण सगळ्या मंत्रालयांना पाठवलं. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवा, तो का हवा, खर्च किती, पर्यावरणावर आणि लोकांच्या हक्कांवर परिणाम काय ते सांगा, आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर टाका, असं त्यात आहे. धोरण चांगलं आहे. पण ते धोरणच आहे, कायदा नाही. पाळलं नाही म्हणून नियम रद्द होत नाहीत. मुदतवाढ मागताना केंद्राच्या खात्याला त्याची आठवण जरूर करून द्या, एवढा उपयोग आहेच.

आता वीज क्षेत्राबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ही प्रक्रिया नीट चालली तर काय घडतं ते मी तिथे जवळून पाहिलं.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये आला. त्याआधी विजेचे दर राज्याचं वीज मंडळ आणि सरकार ठरवत. आयोग आल्यावर पहिल्यांदा मंडळाला आपला हिशेब उघड्यावर मांडून दरवाढ मागावी लागली. त्या हिशेबातला सगळ्यात नाजूक आकडा होता कृषिपंपांच्या वापराचा. बहुतेक पंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. म्हणजे शेतीनं किती युनिट वापरले ते मोजलं जात नव्हतं, अंदाजानं लिहिलं जात होतं. हा अंदाज फुगवला की गळती आणि चोरी आपोआप कमी दिसते, कारण हरवलेली वीज शेतीच्या खात्यात जाऊन बसते. वर शेतीला वीज फुकट जाते अशी ओरड शेतकऱ्याच्याच नावानं!

वीज धोरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या प्रयास गटानं आणि इतर ग्राहक प्रतिनिधींनी हे आकडे सोडवून मागितले. एका पंपाचे वर्षाचे तास किती धरलेत? फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवरच्या, नोंदी काय सांगतात? पाणी नाही त्या महिन्यांत पंप चालतो का? प्रश्न साधे होते, पण ते सुनावणीत, नोंदीवर विचारले गेले होते, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. २००० सालच्या पहिल्या दरआदेशापर्यंत येता येता, वीस टक्क्यांच्या आत सांगितली जाणारी गळती तिशीच्या पार निघाली. तो आकडा उघड झाल्यावर पुढच्या वर्षांत गळती कमी करण्याची उद्दिष्टं दरांशी जोडली गेली. मोर्चे त्याआधीही निघत होते, निवेदनंही दिली जात होती. हा आकडा मात्र उत्तर मागण्याच्या अधिकारानं बाहेर काढला.

हे घडू शकलं त्याला कायद्याची चौकट कारणीभूत आहे. आज लागू असलेल्या विद्युत अधिनियम २००३ कडे पाहा. कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सर्व सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यावा लागतो. कलम ८६ आयोगाला पारदर्शकतेनं बांधतं. कलम १८१ प्रमाणे राज्य आयोगाचे सगळे विनियम, म्हणजे आयोगानं स्वतः केलेले नियम, पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर. कलम ५७ तर सेवेचे मानक ठरवताना, म्हणजे वीज गेल्यावर किती तासांत यावी, नवीन जोडणी किती दिवसांत मिळावी, उशिरापोटी ग्राहकाला भरपाई किती, हे ठरवताना, वीज कंपन्यांबरोबर ‘बाधित होणाऱ्या व्यक्तींशी’ही विचारविनिमय करायला सांगतं. आणि कलम ९४ मध्ये ग्राहकांची बाजू मांडायला आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना अशा चार संस्थांना हा मान मिळाला. समोर कंपनीचे वकील, सल्लागार, लेखापाल यांची फौज असताना ग्राहकाच्या बाजूनं तितक्याच तयारीचं कोणीतरी असणं किती गरजेचं आहे, ते सुनावणीच्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही.

आयोगाच्या दरआदेशांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. हरकतदार काय म्हणाले, कंपनीनं काय उत्तर दिलं, आयोगाचा निर्णय काय आणि का, अशी मुद्द्यागणिक. नवे विनियम काढतानाही आयोग सोबत कारणांचं निवेदन काढतो. कोणत्या खंडावर काय सूचना आल्या, कोणती मानली, कोणती मानली नाही, हे त्यात असतं. तुमची सूचना फेटाळली गेली तरी कारण छापलेलं असतं. ते कारण चुकीचं असेल तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करता येते.

माझ्या पहिल्या हरकतीचं काय झालं तेही सांगतो, कारण नव्यानं लिहिणारे बहुतेक जण तीच चूक करतात. मी चार पानं लिहिली होती. महागाई, सामान्य माणसाचे हाल, कंपनीचा गलथान कारभार, सगळं खरं. आदेशात माझ्यासारख्या चाळीस-पन्नास जणांची नावं एकत्र करून ‘दरवाढीस विरोध केला’ एवढंच आलं. त्याच सुनावणीत एक यंत्रमागधारक आला होता. त्यानं वहीत वीज जाण्याच्या तारखा, वेळा आणि परत आल्याच्या वेळा दोन वर्षं लिहून ठेवल्या होत्या. तो मोजून सात-आठ मिनिटं बोलला. सदस्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांना त्यावर तीन प्रश्न विचारले आणि त्या फीडरच्या नोंदी सादर करायला सांगितल्या. त्या दिवसापासून मी वहीशिवाय सुनावणीला गेलो नाही.

दूरसंचार क्षेत्रातलं एक उदाहरण तर देशभर गाजलं. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, आधी प्रश्नांसह विचारविनिमय पत्रिका काढतं, मग अभिप्राय, मग दुसऱ्यांच्या अभिप्रायांवर प्रतिअभिप्राय, मग खुली चर्चा. सगळे अभिप्राय संकेतस्थळावर दिसतात, कंपन्यांचेही. मार्च २०१५ मध्ये इंटरनेटवरच्या सेवांबद्दल ट्रायनं ११८ पानी पत्रिका काढली, त्यात वीस प्रश्न. काही तरुण कार्यकर्त्यांनी ती सोप्या भाषेत समजावून सांगितली, प्रत्येक प्रश्नाला मुद्देसूद उत्तर तयार केलं आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी ते पाठवलं. पुढे ९ डिसेंबर २०१५ ला डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल दुसरी पत्रिका आली. या वेळी फेसबुकनं निवडक संकेतस्थळं मोफत दाखवणाऱ्या आपल्या फ्री बेसिक्स योजनेसाठी मोहीम चालवली. ट्रायकडे एकूण सुमारे २४ लाख अभिप्राय आले, त्यांतले बहुतांश ‘फ्री बेसिक्सला पाठिंबा आहे’ अशा एकाच छापाचे. ट्रायनं विचारलं होतं की कंपन्यांना मजकूर पाहून वेगवेगळे दर लावू द्यावेत का, द्यायचे तर कोणत्या अटींवर. त्याचं उत्तर या पत्रांत नव्हतंच. ट्रायनं तसं कळवलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला विनियम निघाले आणि मजकुरागणिक वेगळे दर लावायला बंदी आली.

दोन्ही वेळा पत्रं लाखांत, दोन्ही वेळा एकसारखी. पण पहिल्या वेळच्या पत्रांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. तुमच्या संघटनेतल्या साठ जणांनी एकच पत्र साठ वेळा पाठवायचं ठरवलं असेल तर थांबा. एक भक्कम निवेदन संघटनेचं करा आणि ज्यांच्याकडे स्वतःचा अनुभव, स्वतःची कागदपत्रं आहेत अशा पाच-सात जणांची वेगळी पत्रं जाऊ द्या.

याच ट्रायचे दुसरे विनियम त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात पडले. बोलता बोलता फोन तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा तो नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू होता. ग्राहकांना तो अर्थातच आवडला होता, मलाही. ११ मे २०१६ ला न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठानं तो रद्द केला. फोन तुटण्यात कंपनीचा दोष असो वा नसो, भुर्दंड मात्र कंपनीलाच, आणि कंपन्यांनी मांडलेल्या आक्षेपांना ट्रायच्या स्पष्टीकरणात नीट उत्तर नाही. ट्रायच्या कायद्यातलं कलम ११(४) पारदर्शकता सांगतं, तिच्यात ही कारणंही येतात, असा निकाल. न्यायालय आणखी पुढे गेलं. अमेरिकेत १९४६ पासून नियम करण्याच्या पद्धतीचा एकच सर्वसाधारण कायदा आहे, तसा कायदा आपल्या संसदेनंही करावा असं त्यांनी सुचवलं. ग्राहक म्हणून मला तो निकाल झोंबला. पण तत्त्व म्हणून मी तो कायम हाताशी ठेवतो. आज कंपनीच्या आक्षेपाला उत्तर द्यावं लागलं, तर उद्या आपल्यालाही द्यावं लागेल.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, विचारविनिमय कुठे होतो याकडे वळतो. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मसुदा करून हरकती मागवायच्या, मग सगळे कोर्टात, यापेक्षा मसुदाच सगळ्यांनी एका टेबलावर बसून लिहावा, ही कल्पना. १९८३ मध्ये वैमानिकांच्या उड्डाणाच्या व विश्रांतीच्या तासांसाठी ती वापरून पाहिली. नंतर लाकडावर चालणाऱ्या घरगुती शेगड्यांच्या धुराचे नियम कारखानदार, पर्यावरणवादी आणि राज्यं यांनी मिळून ठरवले. १९९० मध्ये त्याचा कायदा झाला: साधारण पंचवीसपर्यंत सदस्यांची समिती, तटस्थ मध्यस्थ, खातं स्वतः एक सदस्य, आणि एकमत झालं तरी मसुदा पुन्हा सर्वांच्या अभिप्रायासाठी खुला. पण १९९७ मध्ये कॅरी कोग्लियानीस या अभ्यासकानं हिशेब मांडला तेव्हा वेळ फारसा वाचला नाही आणि खटलेही घटले नाहीत असं दिसलं. मला यात नवल वाटत नाही. टेबलाभोवतीच्या खुर्च्या मोजक्या असतात आणि बाहेर राहिलेल्यांचा प्रश्न तसाच राहतो.

आपल्याकडे अशी उघड वाटाघाट नाही. मसुद्याआधीचा टप्पा आपल्याकडे समित्या, अभ्यासगट, सल्लागारांचे अहवाल आणि उद्योगांच्या संघटनांबरोबरच्या बैठका यांत पार पडतो. ‘आधीच ठरलेलं असतं’ या तुमच्या शंकेत म्हणून तथ्य आहे. मसुदा बाहेर येतो तेव्हा त्याचा सांगाडा पक्का झालेला असतो. त्या टप्प्यावर आकडे, मुदती, व्याख्या, अपवाद, संक्रमण काळ एवढंच हलू शकतं. (हे कमी समजू नका, ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येत भाडेकरू येतो की नाही यावर हजारो घरांचं पुढचं सगळं ठरतं.) सांगाडा बदलायचा तर मसुद्याच्या आधी पोचावं लागतं. वीज कायद्याच्या कलम ८७ मध्ये राज्य सल्लागार समिती आहे, एकवीसपर्यंत सदस्य, त्यात शेती, कामगार, ग्राहक, स्वयंसेवी संस्था यांचे प्रतिनिधी. अशी समिती तुमच्या विषयाच्या कायद्यात आहे का, तिच्यावर तुमच्या बाजूचं कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे आत्ताच विचारून ठेवा. आणि मसुदा कशाच्या आधारावर केला तो अहवाल मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ग) प्रमाणे लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना सगळी संबंधित माहिती प्रसिद्ध करणं यंत्रणेचं स्वतःहून करायचं काम आहे.

भाषेचा मुद्दा वेगळा लिहितो, कारण तो आपल्या माणसांना सगळ्यात जास्त अडवतो. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या नियमांची, मसुदा अधिसूचना २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात आली, इंग्रजी आणि हिंदीत. कोकणातल्या मच्छीमारानं किंवा गोव्यातल्या खाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यानं तिच्यावर काय लिहायचं? ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयानं हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितलं. तुमचा मसुदा फक्त इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागणं ही तुमची पहिली हरकत असू द्या. तुमचं निवेदन मराठीत द्यायला काहीच हरकत नाही. आयोगाच्या सुनावण्यांत लोक मराठीत बोलतात आणि ते नोंदलं जातं.

लिहायचं कसं? खंड क्रमांक, त्यातले सध्याचे शब्द, त्यामुळे तुमच्या माणसाचं नेमकं काय होईल, त्याचा पुरावा, आणि त्या जागी कोणते शब्द हवेत. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ‘ही तरतूद अन्यायकारक आहे, रद्द करावी’ असं लिहिलं की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पुढचं काम स्वतः करावं लागतं. पर्यायी वाक्य हातात दिलं तर ते मानायचं की नाही एवढाच प्रश्न उरतो. मसुद्यातलं जे चांगलं आहे त्याला खंड क्रमांकासह पाठिंबा द्या. लोक हे विसरतात. दुसऱ्या बाजूनं त्याच तरतुदीवर आक्षेप घेतलेले असतात, आणि समर्थनाचा एकही कागद नसेल तर ती तरतूद अंतिम नियमांतून गळते. ग्राहकाला आपोआप भरपाई मिळण्याच्या तरतुदींच्या बाबतीत या धड्याची किंमत मोजावी लागते.

आणि हे सगळं मुदतीच्या आत. विद्युत आयोगाचे विनियम एकदा झाले की ते वैध आहेत की नाहीत हे अपिलीय न्यायाधिकरणालाही तपासता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयातच जावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलं. आज साध्या कागदावर जे सांगता येतं, त्यासाठी उद्या वकील करून रिट याचिका करावी लागेल.

तुमच्या हातात पंधरा दिवस आहेत. आजच दोन ओळींचं पत्र देऊन मुदतवाढ, मराठी प्रत आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा, पण मुदतवाढ मिळणार नाही असं धरून कामाला लागा. पहिल्या रविवारी सभासदांना बोलवून मसुदा मोठ्यानं वाचा, प्रत्येक खंडाला ‘याचा आपल्यापैकी कोणाला त्रास?’ एवढंच विचारा आणि ज्याला त्रास आहे त्याच्याकडून कागद घ्या. निवेदन ईमेलनं पाठवा, शिवाय आवक शिक्का असलेली पोच घ्या. अंतिम राजपत्र आलं की मसुदा शेजारी ठेवून खंडागणिक ताडून पाहा. तुमचा मुद्दा घेतला नसेल आणि कारणही दिलेलं नसेल तर माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(घ) चा हवाला देऊन लेखी कारण मागा. मसुदा कोणत्या कायद्याखालचा आहे ते कळवलंत, तर त्यातलं विचारविनिमयाचं कलम शोधून त्यात तुम्हाला काय मागता येईल ते मी सांगतो.